अठ्ठेचाळीस खूर आणि एक नाक

"डॉक्टर, घोड्याच्या पायांना वास येतो का हो?"

नववीच्या वर्गात जो हशा उसळला तो थांबेचना. शेवटच्या बाकावर शिट्टी आणि चिमणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या, कारण प्रश्न मुळात त्यांचा होता. "विचारून दाखव, हिंमत असेल तर," असं त्यांनी मधल्या सुट्टीत भिंगरीला डिवचलं होतं, आणि भिंगरीला हल्ली एवढं पुरत असे. मागच्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरीला "हजर" म्हणतानाही लालबुंद व्हायची. मग एकदा बदली म्हणून वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली, चुकून पहिली आली, आणि तेव्हापासून जी सुटली ती सुटलीच.

वर्गशिक्षिका ताडकन उभ्या राहिल्या. "हा काय प्रश्न झाला? पाहुण्यांची माफी माग आधी!"

पाहुण्या म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीणबाई. 'माझा व्यवसाय' या विषयावर त्या अर्धा तास बोलल्या होत्या आणि वर्गाने अर्धा तास जांभया गिळल्या होत्या. पण आता त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"माफी कसली? अहो, सतरा शाळांत जाऊन आले मी, सगळीकडे एकच प्रश्न, कुत्रा चावला तर किती इंजेक्शनं! कोण गं तू? ऐक. येतो वास. चांगल्या खुराला ओल्या मातीचा येतो. आणि बिघडलेल्या खुराला असा येतो की खाल्लेलं बाहेर पडेल."

"शीऽऽ!" वर्ग आनंदाने ओरडला.

डॉक्टरीणबाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर भला मोठा खूर काढला, खालून दिसतो तसा. मधोमध एक त्रिकोण. "ही रबरासारखी मऊ गादी. हिच्या दोन्ही बाजूंना खाचा. या खाचांत चिखल, शेण अडकलं, कोणी साफ केलं नाही, घोडा ओल्यात उभा राहिला, की आत जंतू माजतात. खूर सडायला लागतो. काळं पाणी सुटतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा." आणि त्यांनी लिहिलं: ओल, घाण, हवा नाही. "डोळ्यांना दिसायच्या आधी हे कोणाला कळतं? नाकाला! मुली, येत्या रविवारी सकाळी घोडेस्वारीच्या शाळेत ये. नाक घेऊन ये."

शिट्टी आणि चिमणीचं हसू तिथल्या तिथे वाळलं. भिंगरी मात्र अशी खाली बसली, जणू तिला राज्यच मिळालं होतं.

पागेत बारा घोडे होते आणि त्या बारांचे मिळून आई-बाप म्हणजे मोतद्दार काका. खरारा करणं, दाणापाणी, शेण उचलणं, सगळं तेच करत. पहिल्या रविवारी त्यांनी भिंगरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातात एक लोखंडी आकडा दिला.

"घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं. खांद्यापासून हात खाली नेत न्यायचा. घोट्याशी आलं की हलकं दाबायचं. तो आपणहून पाय देतो."

"आणि नाही दिला तर?"

"मग तो घोडा नाही, माझा जावई समज. पुन्हा माग, गोड बोलून."

घोड्याने पाय दिला! एवढं मोठं, गरम श्वास टाकणारं जनावर, आणि त्याने पाय उचलून तिच्या हातात ठेवला! भिंगरीने आकड्याने खाचेतला चिखल उकरला, ब्रशने झाडलं, वाकून नाक लावलं. ओली माती. दुसरा, ओली माती. सातव्या घोड्याच्या मागच्या पायाला नाक लावलं आणि ती ताठ झाली.

"काका! आला! तो वास आला!" ती अशी नाचली की सातव्या घोड्याने कान टवकारले. डॉक्टरीणबाईंनी खूर पाहिला, कापसावर जांभळं औषध घेऊन खाचेत भरलं आणि मोतद्दार काकांना म्हणाल्या, "आणखी आठवडाभर हे कुणाच्याच डोळ्यांना दिसलं नसतं. पोरीचं नाक खरं आहे हो."

झालं! त्या दिवसापासून पागेच्या भिंतीवरच्या फळ्याची जबाबदारी भिंगरीकडे आली. दर रविवारी बारा घोड्यांचे अठ्ठेचाळीस खूर हुंगायचे. चांगला असेल त्याच्यापुढे गोल, संशय असेल त्याच्यापुढे फुली. औषध मात्र डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय लावायचं नाही. शाळेत ती आता खुरांखेरीज दुसरं काही बोलेनाशी झाली. डबा उघडला की "कोरडं अंथरूण फार महत्त्वाचं," पी.टी.च्या तासाला "रोज चालवलं पाहिजे, तरच खुरात रक्त खेळतं." चिमणीने एकदा हात जोडले, "बाई गं, आम्ही प्रश्न परत घेतो."

घरी आईची एकच अट होती. आई रुग्णालयात परिचारिका होती आणि जंतू हा तिचा खाजगी शत्रू होता. "पागेतले बूट माझ्या घरात येणार नाहीत. दाराबाहेर." पण दाराबाहेर ठेवलेली चप्पल गल्लीतला कुत्रा एकदा घेऊन गेला होता, आणि भिंगरीचे लालभडक गमबूट तर नवे कोरे. तिने दोन्हींचा मान राखला. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, घट्ट गाठ मारली आणि पिशवी पलंगाखाली सारली. आईला दिसणार नाहीत, कुत्र्याला मिळणार नाहीत.

आता पागेतला बारावा घोडा. त्याचं नाव वादळ. नाव ठेवणाऱ्याने काय पाहून ठेवलं कोण जाणे, कारण वादळ इतका संथ होता की त्याच्या पाठीवर बसलेल्या मुलाचा गृहपाठ होऊन जाईल. मैदानाच्या वाळूत एक चक्कर मारायचा. फाटकाकडच्या खडीच्या रस्त्यावर नेला की थांबायचा आणि हलायचाच नाही. मुलं त्याच्यावर बसायला तयार नसत. भिंगरीचा मात्र त्याच्यावर जीव जडला होता, कारण पाय द्यायला सांगायच्या आधीच तो द्यायचा, आणि खूर साफ होईपर्यंत तिच्या वेणीत तोंड घालून उभा राहायचा.

चौथ्या रविवारी पाण्याचा पाइप निसटला, भिंगरी नखशिखान्त भिजली, आणि त्याच गडबडीत घोडेस्वारीच्या शाळेच्या मालकीणबाईंनी सांगून टाकलं, "पुढच्या रविवारी अकराला एक माणूस येतोय वादळला न्यायला. त्याला गाड्याला जुंपायला घोडा हवाय. इथे नुसता उभा राहून काय करणार?"

"गाड्याला?" भिंगरी ओरडली. "पण तो आळशी नाहीये, बाई!"

"मग काय आहे?"

भिंगरी तडक वादळपाशी गेली. तिने वादळचे चारही खूर पुन्हा हुंगले. ओली माती, चारही. रडू दाबत तिने बूट पिशवीत कोंबले, गाठ मारली आणि घरी गेली.

पाचव्या रविवारी ती शिट्टी आणि चिमणीला ओढतच पागेत घेऊन आली. वेळ थोडा होता. अकराच्या आत वादळमध्ये काहीतरी सापडलं पाहिजे, म्हणजे त्याला आजारी म्हणून ठेवून घेतील! फाटकाजवळ उकिरड्याशेजारच्या कट्ट्यावर बसून तिने पिशवीची गाठ दातांनी सोडली आणि पाय बुटांत खुपसले. मोजे आत होतेच. त्यात तिचं अर्धं मिनिट वाचलं.

ती थेट वादळकडे धावली. पुढचा डावा पाय उचलला, दोन गुडघ्यांत धरला, वाकली, हुंगलं.

"आई गं!"

वास नव्हता, दणका होता. डोळ्यांत पाणी आलं. भिंगरीला एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता. "सापडलं! वादळला संसर्ग झालाय! काका, या, हुंगा!"

मोतद्दार काका आले, तिच्या शेजारी वाकले आणि झटक्यात उभे राहिले. "अरे देवा! काल संध्याकाळी मी स्वतः साफ केलाय हा पाय!"

"एका रात्रीत पसरलाय. शेजारच्याला लागला नसेल ना?" भिंगरीने अकराव्या घोड्याचा पाय उचलला. वाकली. "लागलाय!" दहाव्याचा उचलला. "यालापण!" नववा, आठवा, सातवा. प्रत्येक खुराशी तोच दणका. फळ्यावर फुल्या पडत गेल्या. एक, दोन, चार, आठ, बारा. खडू तुटला तरी ती थांबली नाही.

मालकीणबाई पांढरीशुभ्र स्वारीची विजार घालून आल्या, तोवर फळा फुल्यांनी भरला होता. "काय प्रकार आहे हा?"

"साथ, बाई! मी पाय धरते, तुम्ही हुंगा."

मालकीणबाई वाकल्या, हुंगलं आणि रुमालात तोंड घालून बाहेर पळाल्या. तिथूनच ओरडल्या, "आजची स्वारी रद्द! सगळ्या मुलांना घरी पाठवा! डॉक्टरांना फोन लावा!"

पागेच्या कोपऱ्यात नालबंद आजोबा एका घोड्याची जुनी नाल काढत बसले होते. ते दीड महिन्यातून एकदा येत. भिंगरी त्यांच्याकडे धावली. "आजोबा, तुम्हाला येतोय ना वास?"

"मला?" आजोबा खिळा दातात धरून म्हणाले. "पोरी, चाळीस वर्षं तापलेली नाल खुराला लावतोय. त्या धुरात माझं नाक कधीच गेलं. माझ्यापुढे अत्तराची बाटली फोड, नाहीतर मेलेला उंदीर ठेव, मला सारखंच."

"म्हणजे तुम्हाला काहीच कळणार नाही," भिंगरी हळहळून म्हणाली आणि फोनकडे पळाली.

डॉक्टरीणबाई दूर कुठल्यातरी गोठ्यात होत्या. मागे गाय हंबरत होती. "बारा? सगळे बारा? एका दिवसात?"

"हो, डॉक्टर! पण तुम्ही काळजी करू नका, मी आहे!"

"असं होत नाही गं सहसा. बरं, खूर नीट कोरून साफ करा, फडक्याने कोरडे करा, जांभळं औषध लावा. त्याने बिघडणार तर काही नाही. मी निघतेच."

मग जी धांदल उडाली! मोतद्दार काका कोरायला, शिट्टी फडक्याने पुसायला, चिमणी कापूस बुडवून द्यायला, आणि तपासनीस म्हणून भिंगरी. चिमणी कुरकुरत होती, "माझ्या घरी मी स्वतःचं ताट उचलत नाही. इथे घोड्याची नखं करतेय."

"पुस नीट! खाच कोरडी झाली पाहिजे!" भिंगरीने शिट्टीला दटावलं.

"घोडा कोरडा झालाय, मी ओली झालेय!"

एक घोडा संपला की भिंगरी पाय उचलून तपासायची, आणि वास तसाच! "अजून येतोय. दुसरा हात द्या." दुसरा हात झाला. "अजून येतोय! तिसरा!" जांभळं औषध एकदा लागलं की आठवडाभर निघत नाही, हे बाटलीवर लिहिलेलं होतं, पण बाटली वाचायला वेळ कोणाला होता? पांढऱ्या घोडीचे चारही पाय गुडघ्यांपर्यंत जांभळे झाले. शिट्टीचे हात कोपरापर्यंत. मोतद्दार काकांच्या मिशीची एक बाजू. एका घोड्याने शेपूट झटकली तेव्हा मालकीणबाईंच्या विजारीवरही नक्षी उमटली. भिंगरीने फाटकावर पुठ्ठा लटकवला: 'भयंकर साथ! आत येऊ नये!'

अकराला गाड्याचा माणूस आला. त्याने पुठ्ठा वाचला. मग फाटकावरून आत पाहिलं. बारा घोडे जांभळ्या पायांनी ओळीत उभे होते, आणि त्यांच्या मधून एक तशीच जांभळी मुलगी आकडा परजत त्याच्याकडे धावत येत होती. "लांब राहा! पायांचा रोग आहे! हवेतूनपण पसरत असेल!"

"माझ्याकडे दोन बैल आहेत घरी," तो माणूस मागच्या मागे सरकत म्हणाला. "मालकीणबाईंना सांगा, नको मला घोडा. फुकटसुद्धा नको." आणि तो चहालाही थांबला नाही.

भिंगरीने वादळच्या मानेला मिठी मारली. वाचला! वादळ वाचला, आणि तिच्या नाकाने वाचवला! शिट्टीने दोन बोटं तोंडात घालून पागा दणाणेल अशी शीळ घातली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई पोहोचल्या. हातमोजे चढवून त्यांनी पहिल्या घोड्याचा पाय उचलला. हुंगला. दुसऱ्याचा उचलला. तिसऱ्याचा. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"मला तर काहीच येत नाहीये. फक्त औषधाचा येतोय."

"असं कसं?" भिंगरी पुढे झाली. "थांबा, मी धरते. आता वाका."

डॉक्टरीणबाई वाकल्या आणि त्यांचे डोळे विस्फारले. "खाली ठेव पाय." त्या उभ्या राहिल्या. "तू जरा लांब जा. अजून लांब. त्या खांबापर्यंत." त्यांनी तोच पाय पुन्हा उचलला, हुंगला, खाली ठेवला. "आता हळूहळू माझ्याकडे ये."

भिंगरी आली. एक पाऊल, दोन पावलं, तीन. डॉक्टरीणबाईंची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली, वेणीवरून, जांभळ्या फ्रॉकवरून खाली खाली जात दोन लालभडक गमबुटांवर येऊन थांबली.

"खूर बघताना वाकलं की आपलं नाक कुठे येतं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

भिंगरी वाकली. नाक बरोबर बुटांच्या तोंडावर आलं. आणि तिला सगळं कळलं.

"बूट काढ."

बूट निघाले. मोतद्दार काका, ज्यांनी बावीस वर्षं पागेत काढली होती, ते दोन पावलं मागे सरले. पांढऱ्या घोडीने मान फिरवली. चिमणी म्हणाली, "मी अठ्ठेचाळीस खूर यासाठी केले? यासाठी?"

"मागच्या रविवारी भिजले होते बूट?" डॉक्टरीणबाई.

"हो."

"धुतले?"

"नाही."

"कुठे होते आठवडाभर?"

"प्लॅस्टिकच्या पिशवीत. गाठ मारून." भिंगरीचा आवाज इतका बारीक झाला की मागच्या वर्षीची भिंगरी परत आली की काय असं वाटावं.

"मी तुमच्या फळ्यावर काय लिहिलं होतं?"

"ओल, घाण, हवा नाही."

"पाय वर कर."

आणि मग डॉक्टरीणबाईंनी तिचा पाय घोड्याचा धरतात तसा मागे वळवून दोन गुडघ्यांत धरला. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलली होती. भिंगरी एका पायावर, वादळच्या मानेला धरून उभी. "दिवसातून दोनदा धुवायचं, बोटांमधलं नीट पुसायचं, आणि हे लावायचं," म्हणत डॉक्टरीणबाईंनी जांभळ्या औषधाचा बोळा फिरवला. दुसरा पायही तिने मुकाट्याने, न सांगता, उचलून दिला.

सगळे हसत होते. एकट्या मालकीणबाई हसत नव्हत्या. त्यांनी खिशातून फोन काढला. "म्हणजे घोडे ठणठणीत आहेत. त्या माणसाला परत बोलावते. दुपारी घेऊन जाऊ दे वादळला."

भिंगरी त्यांच्या आडवी आली. "बाई, चूक माझी आहे! वादळला कशाला पाठवताय?"

"चुकीचा काय संबंध? तो चालत नाही, हे तर खरंच आहे ना?"

"चालतो! वाळूत चालतो. खडीवर थांबतो. पाच रविवार बघतेय मी. खडी आली की पुढचा डावा पाय आधी हवेत धरतो, मग नुसत्या बोटावर, म्हणजे खुराच्या टोकावर, टेकवतो, मग थांबतो. आळशी असता तर वाळूतपण थांबला असता ना?"

मालकीणबाईंनी आपल्या जांभळ्या विजारीकडे पाहिलं. "तुझ्या निदानावर आता मी काय बोलू, बाळा?" आणि त्या नंबर शोधू लागल्या.

"थांबा जरा."

हा आवाज कोपऱ्यातून आला. नालबंद आजोबा गुडघ्यांवर हात टेकत उठले, फडक्याला हात पुसत आले आणि भिंगरीसमोर उभे राहिले. "बोटावर टेकवतो म्हणालीस? डावा पुढचा?"

"हो, आजोबा."

"ये. हात ठेव त्या खुरावर. आता उजव्यावर ठेव."

भिंगरीने अनवाणी, जांभळ्या पायांनी खाली बसून हात ठेवले. मग अदलाबदल केली. पुन्हा केली. "डावा गरम आहे. चहा ओतलेल्या कपासारखा."

"आता घोट्याच्या मागे, इथे, दोन बोटं दाब."

बोटांखाली ठक, ठक, ठक. उजव्या पायात शोधूनही सापडत नव्हती ती नाडी, आणि डाव्यात दार ठोठावल्यासारखी.

"मला वास कळत नाही, म्हणून मी कधी हुंगत बसलो नाही," आजोबा म्हणाले. "माझी बोटंच काय ते सांगतात." त्यांनी लांब दांड्यांचा चिमटा घेतला आणि खुराची कड दाबत दाबत गेले. एके जागी दाब पडताच वादळने असा हिसका मारला की मोतद्दार काका भिंतीला टेकले. पाच रविवारांत वादळची ती पहिली चपळ हालचाल होती.

आजोबांनी बाकदार सुरी घेतली आणि तिथला तळ पातळ पातळ तासत नेला. एक काळा ठिपका दिसला. ठिपक्याची रेघ झाली. "खडा आत गेलाय कधीतरी. वरून तोंड बुजलं, आत पू साठला. कधी दबतो, कधी वर येतो. बंद आहे म्हणून बाहेर वास नाही." सुरीचं टोक किंचित पुढे गेलं आणि काळसर पाण्याची पिचकारी उडाली. आता मात्र वास सुटला! खरा, अस्सल! ज्याचं नाक शाबूत होतं तो प्रत्येक जण पळाला. भिंगरी सोडून. ती तिथेच बसून आनंदाने हुंगत होती.

आणि वादळने काय केलं? त्याने एक लांब सुस्कारा सोडला, पाय खाली घेतला आणि पूर्ण टेकवला. सपाट. मग तिच्या वेणीत तोंड घातलं.

"तीनदा पाहिला होता मी हा पाय," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "वास नव्हता म्हणून पुढे गेले." मग त्यांनी बाही सरसावली. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून झाला, आणि औषधाच्या पेटीतून निघालं लहान बाळाचं डायपर!

"हे कोणाला?" शिट्टीने विचारलं.

"वादळला. खुरावर बसवायचं आणि चिकटपट्टी गुंडाळायची. यापेक्षा चांगली पट्टी अजून कोणी काढलेली नाही. रोज बदलायचं, कोरडं ठेवायचं. पंधरा दिवस आराम. मग बघा कसा चालतो."

मालकीणबाईंनी फोन खिशात ठेवला. मग त्याच म्हणाल्या, "डायपर कुठल्या मापाचं आणायचं?"

संध्याकाळी घरी भिंगरी खुर्चीत बसली होती आणि तिचे दोन्ही जांभळे पाय समोरच्या स्टुलावर, वर्तमानपत्रावर, वाळत पडले होते. लाल बूट गच्चीत उलटे टांगले होते. आईने बेचक्या तपासल्या, मग पलंगाखालचा कोपरा न् कोपरा तपासला, आणि जे बोलायचं ते सलग पाऊण तास बोलून घेतलं. मग वादळची हकीकत ऐकताना मात्र तिने अभ्रा बदलायला घेतलेली उशी हातात तशीच राहिली. "पू बाहेर काढला? एका झटक्यात? अगं, किती बरं वाटलं असेल त्याला!"

बाबा टपाल कचेरीत कामाला होते, आणि प्रत्येक गोष्ट योग्य पत्त्यावर वेळेत पोहोचलीच पाहिजे असा त्यांचा स्वभाव. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि घसा साफ केला. भिंगरी म्हणाली, "आई, बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी ठरवलंय."

"मला माहीत आहे काय ते," बाबा हात वर करून म्हणाले. "बोलू दे मला आधी. हे बघ, माझ्या मनात तू इंजिनियर व्हावंस असं होतं. तुझ्या आईच्या मनात माणसांची डॉक्टर. पण आम्ही दोघं पाच आठवडे बघतोय. तुझ्या तोंडात दुसरा विषय नाही. तेव्हा आम्ही बोललो, आणि ठरवलं की आपण मुलीच्या आड यायचं नाही. घोड्यांची तर घोड्यांची! डॉक्टर ती डॉक्टरच. दोन्ही आत्यांना कळवूनही टाकलंय मी. मोठी आत्या तर रडली आनंदाने."

आईने डोळ्यांना पदर लावला. बाबांनी चष्मा परत चढवला, आता मुलगी गळ्यात पडणार म्हणून जरा सरसावून बसले.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "मोठ्या आत्याला परत फोन करावा लागेल. डॉक्टर नाही. मी नालबंद होणार. शाळा, परीक्षा सगळं करून, पण नालबंदच. येत्या शनिवारपासून आजोबांकडे शिकायला जातेय. आज निघताना ते म्हणाले, आधी ती ऐरण उचलून माझ्या गाडीत ठेव, मग बोलू." तिने बाह्या वर केल्या आणि दोन्ही दंडांवरचे लाल वळ दाखवले. "ठेवली!"